चौथ्या कानावरचा श्री

ट्रक जमिनीपासून हातभर वर लटकत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते. कागदावर दहा मिनिटं लिहिली होती. सात झाली होती. धुळ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडबाहेर वीस-बावीस माणसं उभी होती. शेठ ऑफिसच्या केबिनच्या पायरीवर उभे होते. ते ट्रककडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. पास की नापास, ते जणू तिथेच उमटणार होतं.

ट्रक लष्कराचा होता. एका मोठ्या कंपनीकडून तो आमच्याकडे यायचा आणि आम्ही त्याच्यावर बाकीचं सामान बसवायचो. जेरीकॅनचे ब्रॅकेट, फावडं-कुदळीचे क्लॅम्प, गाडी लपवायची जाळी ठेवायची पेटी, स्टेपनी उतरवायची छोटी विंच. आणि चार लिफ्टिंग आय. लिफ्टिंग आय म्हणजे भोक पाडलेली जाड पोलादी पाटी. चेसिसच्या चार कोपऱ्यांना चार, बोल्टने घट्ट केलेल्या. रेल्वेच्या वॅगनवर किंवा जहाजात गाडी चढवायची असली की त्या भोकांत कड्या अडकवून क्रेनने अख्खी गाडी उचलतात. आमच्या शेडमध्ये लिफ्टिंग आय कोणी म्हणत नसे. गाडी तिथे धरून उचलायची, म्हणून कान. पुढे दोन कान, मागे दोन कान.

क्रेनच्या हुकाखाली एक आडवा बीमही लागतो, नाहीतर साखळ्या आत ओढल्या जाऊन केबिनच चेपेल. तो बीम आम्ही शेडमध्येच बनवला होता. त्याला दोन्ही बाजूंनी साखळ्या लटकत, म्हणून त्याचं नाव कावड.

ही पहिली गाडी होती. तिला पायलट म्हणतात. पायलट पास झाला तर पुढच्या सगळ्या गाड्या आमच्या. नापास झाला तर मोठ्या कंपनीने दुसऱ्या गावचा एक शेडवाला आधीच बघून ठेवला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं काम तेव्हा कमी होत चाललं होतं. ही ऑर्डर गेली तर शेठ दुसरी शिफ्ट बंद करणार, हे पाणी भरणाऱ्या मावशींनाही माहीत होतं. लष्कराचे तपासनीस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. आज आमची घरची चाचणी होती. ट्रकवर सिमेंटचे ठोकळे रचून वजन सव्वापट केलं होतं आणि तसा तो उचलला होता.

दहा मिनिटं झाली. मी हात खाली केला. साखळ्या अडकवणाऱ्या खलाशी रफिकभाईंनी क्रेनवाल्याला आवाज दिला, "आऱ्याऽऽ!" आऱ्या म्हणजे खाली सोड, हबेस म्हणजे वर घे. हे शब्द मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कोणी शिकवले नव्हते. ते मला इथे बळीराम आबांनी शिकवले.

आबा म्हणजे आमचे हेड मिस्तरी. राहायला सोनगीर. रोज हायवेने सायकलवर, नंतर नंतर मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून येत. शिक्षण चौथी. वेल्डिंग मात्र असं, की लोक नुसतं बघायला थांबत. मी यावलकडची. वडील केळीच्या बागेत घड कापायला जायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली आणि बी.ई. झालेली तर आमच्या आळीत पहिली. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी आबांनी माझ्या हातातली फाइल बघितली, माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "पोळी-भाजी आनेल शे का?" मी म्हणाले, हाये. आमच्याकडे 'हाये' म्हणतात, त्यांच्याकडे 'शे'. ते खूप हसले. तेव्हापासून मी 'यावलनी इंजिनेर' झाले आणि रोज दुपारी त्यांच्या डब्याशेजारी माझा डबा उघडायला लागला. वेल्डिंग डोळ्यांनी बघण्याआधी कानांनी ऐकायचं असतं, चांगलं चाललं असेल तर तेलात भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो, हेही त्या डब्यावरच शिकले.

तर ट्रक खाली टेकला. कान वाकले नव्हते, बोल्ट सरकले नव्हते. शेठनी कचोऱ्या मागवायला माणूस पाठवला. मी म्हटलं, अजून डाय टेस्ट बाकी आहे.

डाय टेस्ट सोपी असते. केसाएवढा तडा नुसत्या डोळ्याला दिसत नाही. म्हणून धातूवर पातळ लाल रंग फवारायचा. तडा असेल तर रंग आत शिरतो. थोड्या वेळाने वरचा रंग पुसून काढायचा आणि त्यावर पांढरी पूड फवारायची. आत शिरलेला रंग पुडीत ओढला जातो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आम्ही चारही कान सोडवले, थिनरने त्यांचा प्रायमर धुतला, टेबलावर ओळीने मांडले आणि ही सगळी पूजा केली.

पहिले तीन कान पांढरे स्वच्छ राहिले.

चौथ्यावर हळूहळू लाल ठिपके उमटायला लागले. मग ठिपके जोडले गेले. मग सगळ्यांच्या देखत त्या पांढऱ्या पुडीवर एक अक्षर उभं राहिलं. श्री. दोन बोटं उंचीचा, वळणदार, वेलांटीसकट. थेट कुंकवाने काढल्यासारखा.

दोन-तीन माणसांनी हात जोडले. एकाने चपला काढल्या. रफिकभाईंनीसुद्धा तोंडावर हात ठेवला. मागून कोणी तरी म्हणालं की बघा, पायलट पास, आता देवानेच सही केली.

मी मात्र वाकून ती रेघ जवळून बघितली. कारण डाय टेस्टमध्ये लाल दिसतो तो रंग नसतो, तडा असतो. म्हणजे तो श्री अख्खाच्या अख्खा तड्यांचा होता. आणि वेलांटीच्या उभ्या काठीतून एक बारीक रेघ खाली निघून भोकाकडे चालली होती. सगळा भार येतो तिथे.

मी पुन्हा पुसलं, पुन्हा रंग लावला, पुन्हा पूड मारली. पुन्हा श्री.

अक्षर कोणाचं ते विचारायची गरज पडली नाही. एका हेल्परने हळूच सांगितलं. नव्या कामाचा पहिला नग असला की आबा त्यावर वेल्डिंगच्या रॉडने श्री काढायचे आणि मग ग्राइंडर मारून सपाट घासून टाकायचे. वरून प्रायमर. कोणाला दिसायला नको. तीस वर्षं हे चाललं होतं. धुळ्यातली किती तरी गेटं, ट्रॉल्या, शाळांच्या खिडक्यांच्या जाळ्या अशा असतील, ज्यांच्या पोटात आबांचा श्री आहे आणि मालकाला पत्ता नाही. रोज शेजारी बसून जेवणाऱ्या मलाही नव्हता.

साध्या लोखंडाला त्याने काही होत नाही. पण कानाचं पोलाद साधं नव्हतं. ते जास्त ताकदीचं, जास्त रागीट. अशा जाड, थंड पाटीवर दोन बोटांएवढंच वेल्डिंग केलं की ती जागा क्षणात लालबुंद होते आणि बाजूचं थंड पोलाद ती उष्णता क्षणात ओढून घेतं. तापलेल्या काचेवर पाणी पडावं तसं. तेवढी जागा काचेसारखी कडक होते, आणि कडक झाली की कधी तरी आपोआप तडकते.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे आजोबा राजस्थानातून धुळ्यात आले आणि हार्डवेअरचं दुकान टाकलं. वडिलांनी शेड उभी केली. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी नीट विचारलं, वजन उचललं ना? मी म्हटलं, उचललं. दहा मिनिटं पूर्ण? पूर्ण.

"मग मॅडम, उद्या ते हेच बघणार. त्यांच्या कागदात वजन उचलणं आहे. तुमच्या त्या कुंकवाचं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं. ते मी आपल्यासाठी करते."

"तर आपल्याला कळलं. आता प्रायमर मारून टाका. ही गाडी जाऊ द्या, पुढच्या गाडीपासून श्री बंद."

मी म्हटलं की दहा मिनिटं टिकला म्हणजे दहा वर्षं टिकेल असं नाही. कुठल्या तरी यार्डात गाडी वर असेल आणि खाली कोणी तरी उभं असेल. सर्टिफिकेटवर सही माझी आहे. शेठ म्हणाले, विचार करू, आणि फोन उचलला. आमच्याकडे 'विचार करू' म्हणजे प्रायमर.

मी आबांकडे गेले. ते मागच्या शेडमध्ये पेटीची झाकणं बसवत होते. आरडाओरडा त्यांच्यापर्यंत पोचला होता, पण फक्त पहिला अर्धा. डोळ्यांवरचा चष्मा वर करून ते आनंदाने म्हणाले, "काय माय, देव उना म्हणे टेबलवर?"

मी कान त्यांच्यासमोर धरला. "आबा, हा श्री तुमचा ना?"

"मन्हाच शे. पहिला नग व्हता ना. पन तुले कसा दिसना? म्या तं घासी टाकेल व्हता."

"त्याच्यामुळेच तडा गेलाय."

त्यांचा चेहरा बदलला. "देवना नावघाई तडा?"

"नावाने नाही हो आबा. वेल्डिंगने."

तीस वर्षांत त्यांचा एक जोड परत आला नव्हता, हे ते कधी स्वतः सांगत नसत, दुसरे सांगायचे. ते म्हणाले, आणि आवाज चढवून नाही, अगदी हिशोब मांडावा तसं, "तूच तं सांगेल व्हतं. आठे वेल्डिंगना जोड नही, नुसता बोल्ट."

"हो. सांगितलं होतं."

"मंग म्या कोठे जोड मारा? श्री काय जोड शे?"

मी ड्रॉइंग काढून पुन्हा बघितलं.

ड्रॉइंगवर इंग्रजीत ओळ होती, नो वेल्डिंग परमिटेड. या भागावर कुठेही, कसलंही वेल्डिंग करायचं नाही. आबांना इंग्रजी येत नाही, म्हणून ड्रॉइंग वाचून दाखवायचं काम माझं. आणि मी वाचून दाखवताना घाईघाईत सोपं करून म्हटलं होतं, 'आबा, याला वेल्डिंगचा जोड नाही.' आबांनी ते शब्दाला शब्द पाळलं होतं. त्यांनी जोड मारलाच नव्हता. अख्ख्या शेडमध्ये इंग्रजी वाचणारी मी, आणि तडा पडला होता माझ्या मराठीत.

हे मी त्यांना तिथेच सांगितलं. कान हातात घेऊन त्यांनी बोटाने ती रेघ चाचपली. बोटाला ती लागत नव्हती. म्हणाले, ही रेघ खरी आहे कशावरून? तुझा रंग खोटं बोलत असेल तर? आणि माझ्या उत्तराची वाट न बघता कान उचलून प्रेसकडे चालायला लागले.

प्रेस म्हणजे जाड पाट्या वाकवायचं आमचं हायड्रॉलिक मशीन. आबांनी आधी त्याच पोलादाचा उरलेला एक तुकडा दोन आधारांवर ठेवला आणि मधून दाब दिला. तुकडा वाकला, वाकत गेला, चपलेच्या तळव्यासारखा वाकला, तरी तुटला नाही. मग त्यांनी कान ठेवला, श्री खालच्या बाजूला येईल असा. खालची बाजू ताणली जाते, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. मला कळत होतं की एकदा हे केलं की कान गेला, मग प्रायमर मारायला काही उरणार नाही. मी त्यांना थांबवलं नाही. लीव्हरवर हात ठेवण्याआधी त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला.

कान जेमतेम वाकला. मग गोळी सुटल्यासारखा आवाज झाला आणि दोन तुकडे पडले.

शेठ धावत बाहेर आले. आबांनी दोन्ही तुकडे उचलून त्यांच्यासमोर धरले. "शेठ, हाऊ कान बाद. दुसरा बनाडू." एवढंच बोलले. शेठनी तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कचोऱ्या घेऊन आलेल्या माणसावर ओरडले.

उरलेल्या पाटीतून आबांनी संध्याकाळच्या आत नवा कान कापला. भोक पाडलं, कडा घासल्या. एरवी पहिल्या नगाला ते करायचे तो विधी यावेळी झाला नाही. कान पुसून त्यांनी सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी रंग लावला, पूड मारली. आबा स्टूल घेऊन शेजारी बसले, पुडीकडे टक लावून. पाटी पांढरीच राहिली. तरी ते आणखी बराच वेळ बसून होते.

सकाळी लष्कराचे तपासनीस आले. सुभेदार होते, उत्तरेकडचे, कमी बोलणारे. येताच त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या दोन तुकड्यांवर गेली. शेठ म्हणाले, "स्क्रॅप है साहब, पुराना." सुभेदारांनी तुकडा उलटा करून भोक बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. कान ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

मी सगळं सांगितलं. पुढे रीतीप्रमाणे एक कागद भरायचा असतो. काय बिघडलं, कशामुळे, जबाबदार कोण. आदल्या दिवशी शेठनी सुचवलं होतं की 'वेल्डरची चूक' लिहून मोकळ्या व्हा, आबांना कोण काय करणार आहे? कोणीच काही केलं नसतं, तेही खरं. पण तो कागद फाइलमध्ये राहतो आणि माणूस निघून गेल्यावर त्याच्याबद्दल तेवढंच उरतं. मी लिहिलं होतं, 'कारण: ड्रॉइंगवरील सूचना कामगाराला चुकीच्या शब्दांत सांगितली. जबाबदार: क्यूसी इंजिनिअर.' क्यूसी म्हणजे मालाची तपासणी, ते काम माझं. खाली माझं नाव.

सुभेदारांनी ते सावकाश वाचलं. विचारलं, "यह आपने खुद लिखा है?"

"जी."

त्यांनी चारही कान पुन्हा सोडायला लावले आणि आपल्यासमोर डाय टेस्ट करून घेतली. कावडीचीही करून घेतली. मग ट्रक उचलायला लावला, आणि दहा नाही, वीस मिनिटं लटकत ठेवला. उन्हात आमचा घाम निघाला, त्यांचा नाही. दुपार टळल्यावर त्यांनी पायलट पास केला. अट घातली की यापुढे प्रत्येक गाडीच्या प्रत्येक कानाची डाय टेस्ट होईल आणि तिचा फोटो सर्टिफिकेटला जोडला जाईल. तुटलेल्यातला एक तुकडा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत घेतला.

जाताना ते आबांपाशी थांबले. म्हणाले, "अगली बार चॉक से लिखना, बाबा."

आबा नम्रपणे म्हणाले, "खडू पुसाई जास, साहेब."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं, काय म्हणतात? मी म्हटलं, "कह रहे हैं, ठीक है." त्या दोन दिवसांतला हा माझा दुसरा चुकीचा अनुवाद. याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

ऑर्डर आमची झाली. दुसरी शिफ्ट चालू राहिली. शेठ आठ दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले आणि नवव्या दिवशी स्वतःच विचारलं की ती लाल रंगाची टेस्ट ट्रॉल्यांच्या हुकांना पण करता येईल का.

आबा त्यानंतर दोन वर्षं होते. कानांना त्यांनी पुन्हा श्री काढला नाही. ट्रॉल्यांना काढत राहिले. चालेल ना, हे त्यांनी आधी मला विचारलं होतं आणि मी पुस्तकात बघून हो म्हटलं होतं. आता ते सोनगीरला घरी असतात. मी शिरपूरकडे जाताना त्यांच्याकडे उतरते. चहाआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, काय काय तुटलं? काही नाही तुटलं म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नाही. शेडमध्ये आता जेवायला वेगळी खोली आहे, टेबल-खुर्च्या आहेत. मी अजून कधी कधी आबांच्या जुन्या जागेवर, जाळीच्या पेट्यांपाशी जाऊन डबा उघडते. तिथे वेल्डिंगचा आवाज नीट ऐकू येतो.

या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकले. ड्रॉइंगवर काय करू नये ते लिहिलेलं असतं, का करू नये ते लिहायला जागा नसते. ती जागा तोंडाने भरायचा मला पगार मिळतो. म्हणून आता मी सूचना वाचून दाखवली की समोरच्याला ती त्याच्या शब्दांत मला परत सांगायला लावते. वेळ जातो. मुलं वैतागतात. जाऊ दे.

आबांनी तेव्हाच ड्रॉइंगवरची ती 'नो वेल्डिंग'ची ओळ आपल्या शब्दांत सांगितली होती आणि मी ती पत्र्यावर रंगवून भिंतीला लावली. 'कानले आग दखाडानी नही.' का, तेही त्यांनी खाली लिहायला लावलं: 'काच व्हई जास', काच होऊन जाते. मागच्या वर्षी एक ऑडिटर आले. त्यांनी ही पाटी बघून आक्षेप घेतला की हा कागदपत्रांच्या यादीत नसलेला मजकूर आहे, काढून टाका. मी पाटी काढली नाही, यादीत घातली. तिला आता डॉक्युमेंट नंबर आहे. रिव्हिजनच्या रकान्यात शून्य आहे, कारण त्या ओळीत सुधारणा करण्यासारखं अजून कोणाला काही सापडलेलं नाही.